रागावलेला हॅरी आणि त्याचे वाचक

ऑक्टोबर २००३मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या भारदस्त वैद्यकीय नियतकालिकात वॉशिंग्टनच्या एका बालरोगतज्ज्ञाचं छोटंसं पत्र छापून आलं. आठ ते दहा वर्षांची तीन मुलं त्यांच्याकडे डोकेदुखीची तक्रार घेऊन आली होती. तपासणीत काही निघालं नाही. मग चौकशी करता करता उलगडा झाला: तिघंही 'हॅरी पॉटर अँड द ऑर्डर ऑफ द फिनिक्स' वाचत होती, तासन्‌तास, मान वर न करता. औषध सोपं होतं. पुस्तक जरा खाली ठेवायचं. तिघांपैकी दोघांनी ते साफ धुडकावलं आणि गोळी घेऊन वाचन चालू ठेवलं. पुस्तक संपलं, आणि एक-दोन दिवसांत डोकंही थांबलं.

पत्र अर्थातच गमतीच्या सुरात लिहिलेलं आहे. तरी या पुस्तकावर आजवर जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यात इतकी नेमकी प्रतिक्रिया मला दुसरी सापडलेली नाही. त्रास होतोय, पण सोडवत नाही. पुढच्या पानांवरचे लेख याच त्रासाबद्दल आहेत. मालिकेच्या या पाचव्या भागाने वाचकांना का चिडवलं, का रडवलं, काहींना कायमचं का तोडलं आणि काहींना आयुष्यभरासाठी का बांधून घेतलं, याची ही चर्चा. पुस्तक अजून वाचलं नसेल तर ही प्रस्तावना आत्ता मिटून ठेवलेली बरी. कोण मरतं ते इथे सांगितल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही.

आधी थोडा हिशेब. पहिलं पुस्तक १९९७ सालचं, ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचं. चौथं ८ जुलै २००० रोजी आलं. पाचवं यायला २१ जून २००३ उजाडला, आणि ते निघालं ७६६ पानांचं. अमेरिकी आवृत्ती तर ८७० पानांची. एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत पन्नास लाख प्रती खपल्या. हे आकडे प्रकाशकांच्या कौतुकाचे. आपल्या कामाचा आकडा वेगळाच आहे: मधली तीन वर्षं. चौथ्याच्या शेवटी सेड्रिक डिगरी मेला होता, व्होल्डेमॉर्ट परतला होता, आणि त्या टांगत्या अवस्थेत लेखिकेने मुलांना तीन वर्षं ठेवलं. या काळात दहाचा मुलगा तेराचा झाला, बाराची मुलगी पंधराची. शिवाय या भागात जवळचं कुणीतरी मरणार, ही बातमी आधीच फुटलेली होती. खुद्द रोलिंगबाईंनीच ती मुलाखतींतून दिली होती. म्हणजे वाचक पुस्तक उघडण्याआधीच सुतकात होते. फक्त कुणाचं, ते ठरायचं होतं.

आता प्रश्न असा, की मृत्यू चौथ्या भागातही होता. स्मशानातलं ते दृश्य, कापलेला हात, उकळती कढई, हे सगळं भीतिदायकच होतं. मग 'काळवंडलेला भाग' ही ओळख पाचव्यालाच का चिकटली? माझं उत्तर असं की चौथ्यातला अंधार बाहेरून येतो आणि पाचव्यातला घरातून. व्होल्डेमॉर्ट या पुस्तकात प्रत्यक्ष दिसतो तो अगदी शेवटी. तोवरच्या सातशे पानांत हॅरीला छळतात ती त्याच्या बाजूची म्हणवणारी माणसं: सरकार, सरकारच्या ओंजळीने पाणी पिणारं वर्तमानपत्र, शाळा, आणि प्रेमापोटी गप्प बसलेली वडीलधारी मंडळी. पहिल्या चार भागांत हॉगवर्ट्‌स म्हणजे माहेर होतं. वाचकही दरवर्षी सप्टेंबरमध्ये हॅरीबरोबर तिथे जाऊन सुखावत होता. पाचव्यात तेच माहेर परकं झालं, आणि वाचकांची पहिली तक्रार या बेघर होण्याची होती, हे त्यांच्या शब्दांतून नीट वाचलं की कळतं. 'पूर्वीसारखी मजा नाही' असं म्हणणारा मुलगा खरं तर पुस्तकाचं अचूक वर्णन करत असतो.

दुसरी तक्रार खुद्द हॅरीबद्दल, आणि ती फार कडवट. हा मुलगा सारखा ओरडतो. उन्हाळाभर त्याला कुणी धड पत्र लिहिलेलं नाही, मित्र एकत्र आहेत आणि तो एकटा प्रिव्हेट ड्राइव्हवर बातम्या ऐकत फुलझाडांच्या वाफ्यात पडलेला. पुढे ग्रिमॉल्ड प्लेसच्या घरात रॉन आणि हर्मायनी भेटतात तेव्हा तो त्यांच्यावर जो बरसतो, त्या संवादाची अक्षरं छापतानाही मोठी केलेली आहेत. वाचकांनी या थोरल्या अक्षरांची इतकी टिंगल केली, की तो हॅरी चाहत्यांच्या बोलण्यातली एक म्हणच होऊन बसला. अनेकांनी सरळ सांगितलं: हा पोरगा डोक्यात जातो.

जातोच. पण कुणाच्या, ते पाहण्यासारखं आहे. नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला हा हॅरी असह्य होतो, कारण त्याचा आवडता दादा अचानक दार आपटून खोलीत जाऊन बसलाय. चाळिशीच्या वाचकालाही तो असह्य होतो, कारण त्याच्या घरात तसा एक नमुना आहे. मधल्या वयाला मात्र तो समजतो. तेरा ते सतरा या पट्ट्यातल्या वाचकांनी या भागाला जितकं उराशी धरलं, तितकं बाकीच्या सहांपैकी एकालाही नसावं. आपण खरं बोलतोय आणि सगळं जग आपल्याला खोटारडं म्हणतंय, ही त्या वयाची कायमची भावना. इथे ती शब्दशः खरी ठरते. मंत्रालय म्हणतं व्होल्डेमॉर्ट परतलेला नाही, पेपर म्हणतो पोरगं प्रसिद्धीसाठी हपापलेलं आहे, आणि वर्गात तोंड उघडलं तर शिक्षा.

शिक्षेवरून अम्ब्रिजबाईंकडे यावंच लागतं. गुलाबी कार्डिगन, भिंतीवर मांजरांच्या पिल्लांची चित्रं असलेल्या बशा, बोलण्याआधी गोड खाकरणं. आणि हातात दिलेली ती लेखणी, जिला शाई लागत नाही. 'मी खोटं बोलणार नाही' असं हॅरीने कागदावर लिहायचं आणि प्रत्येक ओळीसरशी तीच अक्षरं त्याच्या हाताच्या मागच्या बाजूवर चिरली जायची. कागदावर उतरतं ते त्याचंच रक्त. स्टीफन किंगने २००३च्या जुलैमध्ये 'एंटरटेनमेंट वीकली'त परीक्षण लिहिताना या बाईंना हॅनिबल लेक्टरनंतरची सर्वांत थोर खलव्यक्ती ठरवलं. भयकथांच्या बादशहाकडून आलेली ही पावती आहे. व्होल्डेमॉर्टचा तिरस्कार करणारे वाचक आहेतच, पण अम्ब्रिजचं नाव काढताच दात-ओठ खाणारे त्यांच्या कितीतरी पट निघतील. साप-चेहऱ्याचा जादूगार कुणी पाहिलेला नसतो. नियमाचं पुस्तक हातात धरून, हसतमुखाने, 'तुमच्या भल्यासाठीच' छळणारी व्यक्ती मात्र प्रत्येकाच्या शाळेत, नाहीतर कचेरीत, एक तरी असतेच.

या प्रसंगावर मोठ्या वाचकांचा हमखास प्रश्न: हॅरी कुणाला सांगत का नाही? मॅकगोनागल आहेत, डंबलडोर आहेत. मुलं हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. सांगून काही होत नाही, उलट वाढतं, हा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. एकाच पानावर दोन वयांचे वाचक इतके वेगळे उभे राहतात, असं बालसाहित्यात मी फार पाहिलेलं नाही.

अम्ब्रिजइतकी गाजली नाही, पण मला विचाराल तर या भागातली सर्वांत जड जागा सेंट मंगोज रुग्णालयातली आहे. नाताळचे दिवस. हॅरी आणि त्याचे मित्र चुकून एका बंदिस्त वॉर्डात शिरतात आणि तिथे नेव्हिल लाँगबॉटम आजीबरोबर आलेला दिसतो. पहिल्या भागापासून ज्या विसराळू, गोलमटोल मुलाला आपण हसत आलो, त्याचे आई-वडील इथे आहेत. छळामुळे वेड लागलेले, मुलाला न ओळखणारे. आई रात्रीच्या कपड्यांत पावलं ओढत येते आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवते. फुग्याच्या गोळीचा रिकामा कागद. आजी म्हणते, टाकून दे, आजवर खोलीच्या भिंती मढतील इतके दिलेत तिने. नेव्हिल हो म्हणतो. पण बाहेर पडताना तो कागद त्याच्या खिशात जाताना हॅरीला दिसतो.

एवढंच. लेखिका पुढे एक शब्द बोलत नाही. या मालिकेच्या भाषेवर अनेकांनी टीका केलीय आणि ती पुष्कळदा रास्त आहे. विशेषणं फार, क्रियाविशेषणं त्याहून फार. पण इथे तिने हात राखून लिहिलंय. ज्यांनी हे पान अकराव्या वर्षी वाचलं त्यांनी नेव्हिलला हसणं सोडलं, असं सांगणारे वाचक पुष्कळ आहेत.

वडिलांची मूर्तीही याच पुस्तकात फुटते. स्नेपच्या आठवणीत डोकावलेल्या हॅरीला दिसतो तो पंधरा वर्षांचा जेम्स पॉटर: देखणा, लाडका आणि टवाळ, केवळ कंटाळा आला म्हणून एका एकट्या मुलाला सर्वांसमोर उलटा टांगणारा. या प्रकरणावर वाचकांत जी फूट पडली ती आजही सांधलेली नाही. जेम्सला माफ करणारे आणि न करणारे असे दोन पंथच आहेत. मला यात रस आहे तो एका बारीक गोष्टीमुळे. हॅरी जेम्सचा बचाव शोधत सिरियसकडे जातो, आणि सिरियसचं उत्तर त्याला पुरत नाही. ते वाचकालाही पुरत नाही, आणि पुरू नये अशीच ती जागा लिहिलेली आहे.

आणि मग सिरियस. मंत्रालयाच्या तळघरातल्या त्या कमानीपाशी बेलाट्रिक्सशी लढताना प्रकाशाचा एक झोत त्याच्या छातीवर बसतो आणि तो जुनाट पडद्याआड कोसळतो. शापाचं नाव नाही, प्रेत नाही, शेवटचे शब्द नाहीत. वाचकांनी हा मृत्यू मानलाच नाही. शापाचा रंग, पडद्याची जातकुळी, 'कोसळला' म्हणजे 'मेला' असं कुठे लिहिलंय, या मुद्द्यांवर जो खल झाला तो एखाद्या कोर्टाला शोभेल. २००७च्या चित्रपटात दिग्दर्शक डेव्हिड येट्सने बेलाट्रिक्सच्या तोंडी उघडउघड मृत्युशापच घातला. तरी पुस्तकवाले हटले नाहीत.

या हटवादीपणाला बालिश म्हणणाऱ्यांनी पुस्तकाची शेवटची काही प्रकरणं पुन्हा चाळावीत. हॅरीही तेच करतो. ल्युपिनने धरून ठेवलेलं असताना तो ओरडत राहतो, की सिरियस पडद्यामागेच आहे, हात दिला की येईल. मग सिरियसने दिलेला आरसा त्याला ट्रंकेत सापडतो. नाताळच्या सुट्टीनंतर मिळालेली आणि त्याने कधी न उघडलेली ती पुडी. आरशात नाव घेतलं की पलीकडे दिसायला हवं. दिसत नाही, तेव्हा तो आरसा फोडतो. मग भूत होऊन तरी परतेल म्हणून निअरली हेडलेस निकला गाठतो. म्हणजे वाचकांनी काढलेली प्रत्येक पळवाट हॅरीने आधीच काढून पाहिलेली होती. वाचक पुस्तकाशी भांडत होते असं वरवर दिसतं; प्रत्यक्षात ते नायकाच्या पावलावर पाऊल टाकत होते. माझ्या मते या भागाच्या वाचकप्रतिक्रियांतलं सर्वांत मोलाचं ते हेच, आणि हे लेख एकत्र आणावेसे वाटले तेही त्यामुळेच.

न उघडलेल्या पुडीवर मात्र वाचक आजही हॅरीला क्षमा करत नाहीत. ती वेळेत उघडली असती तर? हा प्रश्न दुःखात असलेल्या कुठल्याही घरात ऐकू येणारा आहे.

लेखिकेलाही हा मृत्यू सोपा गेला नव्हता. तो प्रसंग लिहून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडल्याचं तिने पुस्तक येण्याआधी बीबीसीच्या मुलाखतीत सांगितलं होतं. तिची आई १९९०च्या डिसेंबरात मल्टिपल स्क्लेरोसिसने गेली, पंचेचाळिसाव्या वर्षी. मालिका नुकतीच सुचली होती. पुढे, सातवा भाग आल्यावर, तिने आणखी एक गोष्ट उघड केली. पाचव्या भागात मुळात आर्थर वीझली मरणार होते. पण या कथेत धड वडील म्हणावेत असे फार थोडे, त्यातला हा एक, म्हणून त्यांना जीवदान मिळालं. रुग्णालयात टाके घालून पडलेले वीझली पुन्हा वाचताना ही माहिती डोक्यातून जात नाही.

प्रौढ समीक्षकांचं काय? ए. एस. बायट यांनी २००३च्या जुलैत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. मोठी माणसं ही पुस्तकं वाचतात ती बालपणाच्या उबेत परतण्यासाठी, आणि हे जग उसन्या सामग्रीतून उभं केलेलं, खऱ्या गूढाचा स्पर्श नसलेलं आहे, असा त्याचा रोख. उसनेपणाबद्दल वाद घालायला मी जाणार नाही. पण उबेचा आरोप नेमका या भागाच्या निमित्ताने करावा, हे नवल आहे. या पुस्तकात ऊब शोधायला गेलेला माणूस गारठूनच परतेल.

लांबीबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. हॅग्रिडच्या राक्षसभावाचं उपकथानक निम्मं कापलं असतं तरी कुणाचं बिघडलं नसतं. लेखिकेनेही नंतर कबूल केलं, की पुस्तक आटोपशीर करता आलं असतं, पण शेवटाकडे वेळ आणि ताकद दोन्ही संपले.

लाडक्या मालिकेने असा काळा वळसा घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. सी. एस. लुईसच्या नार्नियाचा शेवटचा भाग १९५६चा; त्यात जवळजवळ सगळीच मुलं रेल्वे अपघातात मरतात आणि सुझन एकटी मागे उरते. त्या सुझनवरून वाचक अजून भांडतात. अर्सुला ले ग्विनने अर्थसीची तिसरी कादंबरी १९७२ साली लिहिली आणि चौथी, 'तेहानू', थेट १९९०मध्ये. त्यात महापराक्रमी गेड सामर्थ्य गमावून बसलेला आणि कथेच्या मध्यभागी एक भाजलेली, अत्याचार सोसलेली पोर. जुने वाचक बिथरले. रोलिंगच्या वाचकांचं वेगळेपण इतकंच, की ते संख्येने प्रचंड होते आणि पुढची दोन पुस्तकं येईपर्यंत त्यांना एकमेकांशी बोलण्यावाचून इलाज नव्हता.

मराठी घरांत हे पुस्तक पोचलं ते बहुतेक इंग्रजीतूनच. मराठी वाचकांसाठी 'हॅरी पॉटर आणि परीस' पासून मंजुल प्रकाशनाची भाषांतरं झाली, पण पाचव्या भागाची वाट पाहणारी पोरं मूळ पुस्तकावरच तुटून पडली. 'एवढं मरणाचं मुलांनी वाचावं का', असा प्रश्न तेव्हा इथेही निघाला. तो निघावा याची गंमत वाटते, कारण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातात 'श्यामची आई' दिलं जातं, आणि ते आईच्या मृत्यूकडेच जाणारं पुस्तक आहे. १९३५पासून मराठी मुलं त्यावर रडत आलीत, आणि त्या रडण्याचं आपल्याला कौतुकच आहे. मृत्यूची आपल्या बालवाचनाला ॲलर्जी कधीच नव्हती. ॲलर्जी आहे ती रागाची. श्याम चुकतो, हट्ट करतो, पण शेवटी पश्चात्तापाने त्याचे डोळे भरून येतात. हॅरी मात्र मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या वस्तू फोडतो. आणि त्याहून अवघड म्हणजे, डंबलडोर त्याला रागवत नाहीत. आपलं चुकलं, असं ते म्हणतात. तुझ्यावर माया जडली म्हणून खरं सांगायचं टाळलं आणि त्यातून हे झालं, अशी शंभरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याची पंधरा वर्षांच्या पोरापुढे कबुली. त्या प्रकरणाने कित्येक वाचकांच्या मनातून डंबलडोर उतरले ते उतरलेच. मला स्वतःला ते तिथे पहिल्यांदा माणूस वाटले.

वाचकांच्या प्रतिक्रिया नुसत्या बोलण्यापुरत्या राहिल्या नाहीत, याचीही नोंद हवी. अम्ब्रिजच्या नाकावर टिच्चून मुलं जी गुप्त तालीम भरवतात, त्या 'डंबलडोर्स आर्मी'चा आदर्श ठेवून अमेरिकेत २००५ साली 'हॅरी पॉटर अलायन्स' नावाची संघटना उभी राहिली आणि चाहत्यांना तिने मानवी हक्कांच्या कामात ओढलं.

आजचा नवा वाचक सातही भाग एका खोक्यात घेऊन बसतो. आठव्या वर्षी सुरुवात केली तर दोन महिन्यांत तो सिरियसच्या मृत्यूपाशी असतो, आणि सिरियस परत येतो की नाही हे कळायला त्याला पुढच्या आठवड्यापलीकडे थांबावं लागत नाही. वाचकाने नायकाबरोबर मोठं व्हावं ही मूळ मांडणी त्यामुळे कोसळली आहे. म्हणून 'हे पुस्तक कितव्या वर्षी द्यावं' हा प्रश्न आता जास्त खरा झालाय, आणि तो विचारणारे आई-बाप म्हणजे २००३ सालचे तेच किशोर वाचक आहेत.

त्यांच्या लक्षात उशिरा येणारी गोष्ट अशी, की हा वाद पुस्तकातच घातलेला आहे. ग्रिमॉल्ड प्लेसच्या स्वयंपाकघरात, जेवणं आटोपल्यावर, सिरियस म्हणतो की हॅरीला सगळं कळायला हवं. मोली वीझली म्हणतात, तो अजून लहान आहे. जिनीला तर झोपायलाच पिटाळतात आणि ती जिन्यावरून आदळआपट करत जाते. तेव्हा प्रत्येक मुलगा सिरियसच्या पक्षात होता. पुढे त्याच घरात मोलीबाई एका बोगार्टसमोर हुंदके देत उभ्या राहतात; तो पाळीपाळीने त्यांच्या एकेका मुलाचं प्रेत होत असतो. ते पान तेव्हा अनेकांनी भरभर उलटलं होतं. या संग्रहातला जवळजवळ प्रत्येक लेखक आता त्या पानापाशी थांबलाय, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्वयंपाकघरातल्या वादात पक्ष बदललाय. सगळ्यांनी नाही. न सांगितल्यामुळेच सिरियस गेला, असं ठामपणे म्हणणारेही इथे आहेत, आणि त्यांच्याकडे सदतिसाव्या प्रकरणाचा पुरावा आहे. दोन्ही बाजूंचे लेख शेजारी शेजारी ठेवले आहेत.